हसरा टेक

"मॅडम, भाषण नको, माया हवी," काचेपलीकडून प्रचारप्रमुख म्हणाला. "घरातली ताई समजावते ना, तसं."

माझा तिसरा टेक चालला होता. टेक म्हणजे एक वाक्य एकदा बोलून रेकॉर्ड करणं. रत्नागिरीत वीस वर्षं मी हेच करते. पोलिओचा डोस, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस. रिक्षावरून बाईचा आवाज फिरतो, तो बहुधा माझाच.

या वेळी गिऱ्हाईक होता लोकसभेचा उमेदवार. दोन्ही मोठे पक्ष सोडून तिसऱ्याच, नव्या पक्षाचा. मुद्दा एकच: ज्यानं त्यानं आपापल्या वाडीत राहावं, पाणी वेगळं, स्मशान वेगळं. माझं वाक्य होतं, "ज्याची वाडी, त्याची टाकी, भांडण कुठलं उरतं बाकी!" जातीचं नाव कुठेच नाही. पण टाकी कुणापासून वेगळी, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

माझा रेकॉर्डिस्ट मिलिंद सावर्ड्याकडच्या एका गावातल्या बौद्धवाडीतला. तिथे सगळ्या वाड्यांना मिळून एक टाकी व्हायची होती, फक्त ग्रामसभेचा ठराव बाकी होता. त्याची आई उन्हाळाभर लांबच्या झऱ्यावरून हंडे वाहायची, ते थांबणार होतं. हे सगळं मला त्यानंच सांगितलेलं.

"मॅडम, घेऊया?" त्यानं विचारलं. मग परत, "नक्की घेऊया ना?"

"घे रे. काम आहे," मी म्हटलं.

आमच्या धंद्यात एक युक्ती असते. बोलताना ओठ फाकवून हसायचं. चेहरा दिसत नाही, पण हसू ऐकू येतं. मी हसले. "वा! मध नुसता!" प्रचारप्रमुख खूश. सांगायला लाज वाटते, पण मलाही बरं वाटलं.

उमेदवार सपशेल आपटला, डिपॉझिटही गेलं. म्हटलं, सुटले! कसली सुटतेय! महिन्याभरानं ती ग्रामसभा भरली आणि वरच्या वाडीतल्या कुणीतरी मोबाइलवर माझं वाक्य लावलं. लोक हसले. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. ठराव हसतहसत बारगळला.

हे मिलिंदनंच मला केबल गुंडाळतागुंडाळता सांगितलं. मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं खुर्ची दिली, त्याच लांबच्या झऱ्यावरचं तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. मला काही तो उचलवेना.

"काकी, चुकलं माझं."

"शिवी घातली असतीस ना गो बाय, तर भांडता तरी आलं असतं," त्या म्हणाल्या. "तू गोड बोललीस. त्याला आम्ही काय उत्तर देणार?"

आता कुठलंही स्क्रिप्ट आलं की मी ते आधी रागानं, दात ओठ खाऊन वाचते. तसं वाचल्यावर जे शिवीसारखं लागतं, ते मी हसूनही बोलत नाही. दोनतीन कामं त्यापायी परत पाठवली. पण तेवढ्यानं तिथे टाकी काही बांधली जात नाही.