विमानतळ बंद होता तेव्हा

माझी लेक नोकरीसाठी लिथुआनियाला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. तोवर तो देश मला नकाशातही सापडला नसता. ह्यांनी मात्र रशियाची हद्द कुठे, बेलारूस किती जवळ, सगळं पाठ केलं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून चहा झाला की मोबाईलवर तिथल्याच बातम्या. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतले लोक हसायचे. "काका, इथे पाण्याची वाट लागलीय, तुम्ही युरोपचं काय घेऊन बसलात?"

एकदा व्हिडिओ कॉलवर पाच वर्षांची नात आजोबांना म्हणाली, "भोंगा वाजला की आम्ही सगळे शाळेच्या तळघरात जातो. बोलायचं नाही." तिला तो खेळ वाटत होता. ह्यांनी लेकीला फोनवर बोलावून घेतलं.

"इकडे या गं तिघं. पुढे काही खरं दिसत नाही."

"बाबा, ह्याची आई इथे आहे, घर इथे आहे. तो राखीव दलात आहे. असा कसा निघेल?"

त्यानंतर ह्यांनी तो विषय काढला नाही. जेवण मात्र कमी झालं.

गेल्या पावसाळ्यानंतर ह्यांना हार्ट अटॅक आला. लेक मुलीला घेऊन लगेच विमानतळावर गेली, तर तो बंद. हद्दीपलीकडून ड्रोन आले म्हणे, कोणी सोडले ते कळत नव्हतं. ती तिथेच खुर्चीत बसून दर थोड्या वेळाने मला फोन करत होती.

हे शुद्धीवर होते. "निघाली का?"

"विमानतळ बंद आहे. ड्रोन आलेत."

"मी म्हणत होतो," एवढंच बोलले आणि डोळे मिटून घेतले. दुपारी गेले.

दीर म्हणाले, "वहिनी, किती थांबायचं? ती कधी पोचेल, कोणालाच सांगता येत नाहीये." अग्नी पुतण्याने दिला. लेकीने ते मोबाईलवर पाहिलं.

ती आली तेव्हा घरात फक्त फोटो होता. ती रडली नाही, नुसती भिंतीला टेकून बसली. दिवसकार्य व्हायच्या आतच जावयाचा फोन आला. त्याला हद्दीवर बोलावलं होतं, परत कधी सोडतील ते माहीत नव्हतं.

"तू जाऊ नकोस," मी म्हटलं. "निदान पोरीला तरी ठेव."

"आई, त्याला तिला बघून जायचंय."

बाप शेवटचा बघायलाही न मिळालेल्या माझ्या लेकीला मी काय सांगणार होते?

अंधेरीला विमानतळाच्या दाराशी सोडायला मी गेले. नात हात हलवत होती. मी विचारलं, "परत कधी?"

"काय सांगू, आई," ती म्हणाली आणि सामानाची गाडी ढकलत आत गेली.