चौथी चौकट

माझ्या मावशीला हसवणं सोपं नाही. घरात सगळे पोट धरून हसत असताना ती शांतपणे चहा पिते, आणि कोणी काही बोललेलं नसताना एकदम फिसकन हसते. आई म्हणते, हिचं डोकं लहानपणापासूनच तिरकं. मला विचाराल तर घरात सरळ डोकं तेवढं एकच आहे, पण मला कोणी विचारत नाही.

मावशी वर्तमानपत्रात पानं लावते. बातम्या, फोटो, जाहिराती संगणकावर जागच्या जागी बसवायच्या, हे तिचं काम. शेवटचं पान म्हणजे तिचा जीव की प्राण. त्या पानाच्या तळाशी रोज चार चौकटींचं व्यंगचित्र असतं. एकदा ऐनवेळी गाद्यांची जाहिरात आली आणि तिला जागा करण्याच्या गडबडीत चौथी चौकट बाहेरच राहिली. सकाळी घरी अंक उघडल्यावर ते मावशीच्या लक्षात आलं.

त्या दिवशीचं चित्र असं होतं: एक माणूस वजनकाट्यावर उभा राहतो आणि तोंड वाकडं करतो. मग चष्मा काढून ठेवतो. मग पुन्हा काट्यावर चढतो. राहून गेलेल्या चौकटीत त्याची बायको म्हणत होती, "अहो, चष्मा काढून कधी वजन कमी होतं का?"

मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतकी वर्षं ती हे चित्र स्वतःच्या हाताने लावत होती, पण त्यावर एकदाही हसली नव्हती. सगळा घोळ त्या बायकोचा होता. रोज शेवटी येऊन विनोद फोडून सांगायचा आणि वाचणाऱ्याची अक्कल काढायची, एवढंच तिला काम.

दुसऱ्या दिवशी जाहिरात नव्हती, तरी मावशीने चौथी चौकट काढून टाकली आणि उरलेल्या तिन्ही जरा मोठ्या केल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. मग फोन सुरू झाले. एका गृहस्थांनी तर, त्या माणसाचं वजन शेवटी किती भरलं, असं विचारलं. व्यंगचित्रकार तणतणत कार्यालयात येऊन धडकला. चित्र त्याचं होतं, राग येणारच.

संपादक भला माणूस. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं.

"जाहिरातीमुळे नजरचुकीने राहून गेलं, एवढं लिहून द्या," ते मावशीला म्हणाले. "विषय संपला. नाहीतर शेवटचं पान मला दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल."

"पहिल्या दिवशी नजरचूक होती, साहेब. पुढचं मी केलं."

"अहो, पण का?"

"ती चौकट आली की विनोद मरतो."

"लोकांना तीच तर आवडते!" व्यंगचित्रकार ओरडला.

"आवडू दे की. तुम्हाला न विचारता तुमचं चित्र कापलं, त्याची मनापासून माफी मागते. पण नजरचूक म्हणणार नाही."

पान गेलं. आता ती छोट्या जाहिरातींचं पान लावते: खोली भाड्याने देणे, जुनं कपाट विकणे. तिला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही. मला मात्र तिचा अभिमान वाटला, आणि तो मी घरभर बोलून दाखवला. आईने डोळे वटारले.

परवा सकाळी मी मावशी-काकांकडे गेले, तेव्हा मावशी शेवटचं पान उघडून बसली होती. चौथ्या चौकटीवर अंगठा दाबून धरलेला.

"अजून तेच?" काका वैतागले. "त्याच्यापायी हातचं पान घालवलंस. चुकून झालं म्हणून एक ओळ लिहून दिली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

मावशीने अंगठा हलवला नाही.

"मला हसू चुकून आलं नव्हतं," ती म्हणाली.