आधीचा राजा उंच होता

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण एका बाईच्या नजरेवर उभं होतं. बाई म्हणजे श्रद्धा. चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या एका चित्रात ती क्रूस घेऊन उभी आहे. शेजारी तराजूवाली न्यायदेवता, आणि दोघी मिळून एका जर्मन राजाला मुकुट घालतात. त्याच्या बुटाखाली पाखंड नावाची म्हातारी चिरडली जाते आहे. राजाचे हात जोडलेले, पण चित्रात सगळ्यांत मोठा तोच.

श्रद्धा मात्र त्याच्याकडे बघत नाही. तिची नजर त्याच्या डोक्यावरून जाते. धर्म सत्तेला मुकुट देतो, पण पाहतो देवाकडे, असा सिद्धान्त रचून मी साठ पानं लिहिली. मुकुट डोक्याच्या चार बोटं वर तरंगतो, त्यावरही माझी तळटीप होती: कृपा अजून उतरते आहे. फ्रँकफर्टमधले माझे प्राध्यापक वाचून ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले. ते सहसा कुणाला गेनाऊ म्हणत नाहीत.

त्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली. तिनं सव्वीस वर्षं कॅलेंडरच्या छापखान्यात रिटचिंग, म्हणजे छापायच्या चित्रांत हातानं फेरफार करायचं काम, केलं होतं. मटार सोलता सोलता तिनं माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, हे मुंडकं नंतरचं आहे. मी तिला सिद्धान्त समजावून सांगितला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“अरे, ती त्याच्याकडेच बघत होती,” ती म्हणाली. “आधीचा राजा उंच होता.”

त्यांच्या छापखान्यातल्या कॅलेंडरांवरही लक्ष्मीच्या पायाशी साखर कारखान्याचे चेअरमन हात जोडून बसलेले असत. निवडणुकीत चेअरमन बदलले की धड तेच ठेवून ही नवं डोकं बसवायची. लक्ष्मीचे डोळे बदलायला कुणी सांगायचं नाही.

मी चित्र मोठं करून पाहिलं. मानेजवळ रेषा खरवडलेल्या होत्या आणि राजाच्या टाळूच्या वर आधीच्या राजाचे केस पुसट दिसत होते. तीन वर्षं मला ते दिसले नव्हते. मग प्रकरण नव्यानं लिहिलं, आणि ते पहिल्यापेक्षा फार चांगलं झालं: दोन राजे, देवता त्याच. हे कसं लक्षात आलं, असं प्राध्यापकांनी विचारलं. मानेजवळच्या रेषांवरून, मी म्हटलं. आईचं नाव घेतलं तर ती कुठल्या विद्यापीठात असते, असं ते विचारतील, याची मला भीती वाटली. त्या प्रकरणावरून पुढे एक लेख केला, त्याच्या तळटिपेतही मी ‘लेखकाचे निरीक्षण’ असं लिहिलं.

पुढच्या वर्षी आई पुन्हा आली तेव्हा लेख एका जर्मन नियतकालिकाच्या अंकात छापून आला होता. छापखान्यातल्या मैत्रिणींना दाखवायला तिला तो अंक पुण्याला न्यायचा होता. जर्मन मजकुरावर फोन धरला की मराठी दिसतं, हे तिनं विमानतळावरच शिकून घेतलं होतं. तिनं चित्राचं पान काढलं, फोन धरला, मग तळटिपेवर धरला. दोनदा वाचलं.

मला भयंकर लाज वाटली. तसं सांगायचं सोडून, तळटिपा लिहायची इथली पद्धत कशी असते ते मी सांगत बसलो.

“आमचीही नावं छापत नसत,” आई म्हणाली. “पण कुणी विचारलं तर मालक सांगायचे, हे बाईंनी केलंय म्हणून.”

परत जाताना तिच्या बॅगेत भरपूर जागा होती. अंक तिनं नेला नाही.