शिवी घाण होती, पण अश्लील होती का?

दवाखान्याच्या फाटकाशी गाड्यांचा तळ आहे. मावशी तिथे कामाला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक होता की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. नवरा गेल्यावर ठेकेदाराने दयेपोटी दिलेली नोकरी. काम एवढंच, की गाड्या रांगेत लावून घ्यायच्या आणि फाटकापासून अपघात विभागाच्या दारापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवायचा. मावशी म्हणायच्या, "दादा, जरा बाजूला घेता का?" दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि किल्ली खिशात टाकून चालू पडायचे. गोड बोलल्याने माणूस हसतो, पण मोटार हलत नाही, हे कळायला मावशींना महिना लागला. मग एके दिवशी वैतागून त्यांच्या तोंडून एक शिवी सुटली आणि मोटार हलली. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. लोक त्यांना तोफ म्हणू लागले.

घरी मात्र ही तोफ थंड असे. सुनेशी बोलताना त्यांची मजल "अगं"च्या पुढे "काय गं"पर्यंत कधी गेली नाही. शिव्या कामावरच्या, त्या घरी कशाला आणायच्या, असा त्यांचा साधा हिशेब होता.

तर अशा या मावशींनी एका सकाळी एका म्हाताऱ्या माणसाला धरलं. त्याने मोटार नेमकी त्या मोकळ्या रस्त्यात आडवी लावली होती. मावशींनी जी शिवी हासडली तिच्यात त्याचे वडील होते, एक गाढव होतं आणि दोघांचं काय नातं होतं तेही होतं. पुढचं इथे लिहिता येणार नाही, छापणाऱ्यालाही घरदार आहे. औषधाच्या खिडकीपुढची सगळी रांग हसली. म्हातारा निघाला शाळेचा निवृत्त हेडमास्तर. सार्वजनिक जागी अश्लील शब्द उच्चारल्याची फिर्याद त्याने त्याच दिवशी ठोकली.

ठेकेदार म्हणाला, "मावशी, शिक्षा झाली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. मला वरून विचारतात." मुलाचा कारखाना बंद पडल्यापासून घरची चूल या तळाच्या पगारावर पेटत होती. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

खटला उभा राहिला. मावशींना सरकारने फुकट दिलेली वकीलबाई पोरसवदा होती, पण पोर चुणचुणीत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मास्तर आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून.

"आरोपी काय म्हणाल्या?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"अर्वाच्य बोलल्या."

"शब्द सांगा."

"ज्या तोंडाने मी हजारो मुलांकडून प्रार्थना म्हणून घेतली, त्या तोंडाने ते शब्द काढू?"

"मास्तर," जज्जसाहेब म्हणाले, "ऐकल्याशिवाय मी ठरवू कसं? नुसत्या वासावर निकाल देता येत नाही हो."

मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. कोर्टाचा खोळंबा झालेला मावशींना बघवेना. त्या उठून म्हणाल्या, "साहेब, मी सांगू का? मला पाठ आहे." वकीलबाईंनी दंडाला धरून त्यांना खाली बसवलं.

शेवटी हवालदाराने फिर्यादीतले शब्द वाचून दाखवले. जप्त केलेलं सामान वाचावं तसे, एक गाढव, नग एक, अशा थाटात. मावशी कळवळल्या. "अशी देतात का शिवी? जीवच नाही हो त्यात," असं त्या वकीलबाईंच्या कानात पुटपुटल्या. वकीलबाईंनी डोळे वटारले आणि उलटतपासणीला उठल्या.

"शब्द घाण आहेत, हे आम्हाला मान्य आहे. पण फौजदारी कायद्यात घाण म्हणजे अश्लील नव्हे. ऐकणाऱ्याची कामवासना चाळवेल, त्याचं मन नासवेल, ते अश्लील. म्हणून विचारते, मास्तर. शपथेवर आहात. ते शब्द ऐकून तुमच्या मनात तसं काही जागं झालं का?"

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. सरकारी वकील छताकडे पाहू लागले. मास्तर कानापर्यंत लाल झाले. हो म्हणावं तर मागच्या बाकावर बायको बसलेली, हातात दम्याचा फवारा घेऊन. नाही म्हणावं तर खटलाच पाण्यात.

"काय जागं झालं ते सांगतो," मास्तर म्हणाले. "हिचा श्वास अडकला होता. मागच्या सीटवर पडलेली, ओठ निळे. मला वाटलं, ही चालली. तेवढ्यात या ओरडल्या आणि सगळे हसले. त्यात माझे दोन विद्यार्थी होते. वासना कसली घेऊन बसलात, बाई? मला रडू येत होतं."

मोटार आडवी आहे एवढंच मावशींनी पाहिलं होतं. मागच्या सीटवर कोण आहे, ते पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, नवरा गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत कधी वाटली नव्हती इतकी.

जज्जसाहेबांनी निकाल दिला. फिर्यादीचा अपमान झाला हे खरं, पण आरोप अपमानाचा नाही, अश्लीलतेचा आहे, आणि गाढवाच्या उल्लेखाने कोणाची वासना चाळवल्याचा पुरावा समोर आला नाही. आरोपी निर्दोष.

बाहेर व्हरांड्यात मावशी मास्तरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. शिव्यांना कधी तोटा पडला नव्हता, पण आता दोनच शब्द निघाले. "चुकलं माझं." मास्तरांनी मान हलवली आणि बायकोला धरून निघून गेले.

ठेकेदाराने नोकरी ठेवली, पण अट घातली. "एक जरी शिवी माझ्या कानावर आली, तरी त्याच दिवशी घरी."

पुढच्या आठवड्यात मास्तर बायकोला तपासणीला घेऊन आले. या वेळी मोटार रांगेत लावली. मावशींनी धावत जाऊन चाकाची खुर्ची आणली. बाई खुर्चीत बसताहेत तोच मागे ॲम्ब्युलन्स बोंबलू लागली. मोकळ्या रस्त्यात एक चकचकीत मोटार आडवी उभी होती आणि मालक आत बसून फोनवर बोलत होता.

मावशींनी हात जोडले. "साहेब, कृपा करून गाडी बाजूला घ्या." साहेबांनी काच वर केली. मावशींनी काचेवर टकटक केलं, पुन्हा हात जोडले. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खिडकीतून हातवारे करत होता. ठेकेदार चहाचा कप घेऊन टपरीशी उभा राहून मावशींकडेच बघत होता. मावशींनी जीभ चावली. त्यांनी वळून मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी ॲम्ब्युलन्सकडे पाहिलं. बायको हळूच म्हणाली, "अहो."

मास्तरांनी काठी काखेत मारली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ठेकेदाराकडे तोंड करून शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मला काही ऐकू येत नाही. आणि तुम्हालाही येत नाही."

मावशींनी छाती भरून श्वास घेतला.