जिल्ह्यात कुणाकुणाचं दिवाळं निघालं?

मी दिवाळखोरीच्या नोंदी शोधायचं काम करते असं सांगितलं, की समोरच्या माणसाला माझी दया येते. "बोअर होत असेल ना?" असं विचारून तो हळूच दुसऱ्या विषयावर जातो. त्याला काय माहीत! आमच्या ऑफिसात एक किस्सा सांगून संपायच्या आत दुसरा येऊन उभा असतो. लिहून ठेवू म्हणता म्हणता इतके साठलेत, की आता कुठून सुरुवात करायची हाच प्रश्न आहे.

तर आमची छोटी कंपनी एश्बॉर्नला आहे. जर्मनीत एखाद्या कंपनीचं दिवाळं निघालं, की कोर्ट तशी नोटीस सरकारी पोर्टलवर लावतं. कुणीही बघावी. आम्ही त्या रोज चाळतो आणि ज्यांचा माल किंवा काम अडकू शकतं, त्यांना वेळेत कळवतो. टीममध्ये मी, पुण्याचा समीर आणि आमची बॉस फ्राऊ ब्रांट. मध्यंतरी लाकडाच्या एका व्यापाऱ्याने आम्हाला एकाच ग्रामीण जिल्ह्याचं काम दिलं. डोंगर, जंगल, गायी आणि मधूनमधून एखादं वर्कशॉप असा तो लांडक्राइस, म्हणजे ग्रामीण जिल्हा. समीर पहिल्या दिवसापासून त्याला 'तालुका' म्हणायला लागला आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. फ्राऊ ब्रांटसुद्धा मीटिंगमध्ये जर्मन 'डेअर' लावून "डेअर तालुका" म्हणतात.

*

पहिल्याच दिवशी समीरने पोर्टलवर जिल्ह्याचं नाव टाकलं. एकही नोंद नाही. पुन्हा टाकलं, तेच.

"काय सुखी जिल्हा आहे गं," समीर म्हणाला आणि त्याच उत्साहात त्याने व्यापाऱ्याला मेल ठोकून दिली, की आपल्या जिल्ह्यात दिवाळखोरीची एकही नोंद नाही, अभिनंदन.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "वाचून आनंद झाला. मग माझ्या शेजारच्या फॅक्टरीला सील का लावलंय, तेवढं त्यांना विचारून सांगाल का?"

फ्राऊ ब्रांटनी मेल वाचली, चष्मा काढला आणि समजावून सांगितलं. पोर्टलला जिल्हा वगैरे काही कळत नाही. त्याला कोर्ट आणि गाव लागतं. आणि तालुक्यातल्या दिवाळखोरीची प्रकरणं तालुक्यातल्या कोर्टात चालतच नाहीत, ती शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या कोर्टाकडे जातात. समीरने त्या कोर्टाचं नाव निवडलं, एकेक गाव टाकायला लागला आणि स्क्रीन भरून वाहायला लागली.

"अभिनंदनाचं काय करू?" त्याने विचारलं.

"राहू दे," फ्राऊ ब्रांट म्हणाल्या. "त्याला आवडलं असेल. इथे कुणी कुणाचं करत नाही."

*

त्याच सुमारास माझ्या सासूबाई बाड हॉम्बुर्गला आमच्याकडे आल्या होत्या. मी घरून काम करायचे त्या दिवशी त्या शेजारी बसून भाजी निवडायच्या. माझं फोनवर चालू असायचं: कोण बुडालं, कुणाचं कोर्टात गेलं, कुणाची मशिनं विकायला निघाली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळं ऐकत असायच्या.

मग इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं. तिथे कुणीतरी सहज विचारलं, "काकू, सून काय करते?"

आई म्हणाल्या, "तिचं काय बाई, सकाळपासून दिवाळंच बघते."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी डबे यायला लागले. एकीने पुरणपोळ्या आणल्या, दुसरी साबुदाण्याचे वडे घेऊन आली आणि जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काही लागलं तर संकोच करू नकोस हं." माझ्या लक्षात येईपर्यंत चौथा डबा दारात होता.

मी आईंना सगळं नीट समजावून सांगितलं. दिवाळं आपलं नाही, दुसऱ्यांचं आहे. आमची लेक अन्वी तिथेच गृहपाठ करत होती. ती वर न बघता म्हणाली, "ओमा, दास इस्ट डोख ओफेंटलिख." म्हणजे ते सगळं जाहीरच असतं, आजी.

"जाहीर असलं म्हणून काय झालं?" आई म्हणाल्या. "लोकांची दुःखं अशी चारचौघांत वाचू नयेत." मग म्हणाल्या, "पण त्या वड्यांची रेसिपी विचारून घे. नंतर सांग हवं तर, की आमचं बरं चाललंय."

*

यादी तयार झाली तेव्हा व्यापारी ती घ्यायला स्वतः एश्बॉर्नला आला. हिरवं जाकीट, लाल गाल, हात टेबलाएवढे. तालुक्यात अर्ध्या लोकांची आडनावं सारखी, त्यामुळे कोण कुठला हे त्याच्याकडून नक्की करून घ्यायचं होतं.

तो बोट ठेवत वाचायला लागला. "हा माझा चुलतभाऊ. हा त्याचा मेव्हणा, पण चांगला माणूस, पावसाने मारलं बिचाऱ्याला. ही माझी शाळेतली मैत्रीण." प्रत्येक नावाला तो हळहळत होता. आम्हालाही वाईट वाटायला लागलं. समीरने त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

मग एका नावावर त्याचं बोट थांबलं.

"हे कोण?" मी हळूच विचारलं.

"माझ्या बायकोचा पहिला नवरा," तो म्हणाला. "हो. गेनाऊ, अगदी तोच." आणि अतिशय सभ्यपणे त्याने विचारलं, "हे पान जरा मोठ्या अक्षरात काढून मिळेल का?"

*

आता नितीनचं सांगते. नितीन समीरचा कॉलेजमधला मित्र, गेर्लिंगेनला मोठ्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनियर. पगार चांगला, कॅन्टीन चांगलं, पण माणूस सुकत चाललेला. "दिवसभर स्लाइड्स करतो रे," तो म्हणायचा. "हाताला ग्रीस लागून वर्षं झाली." तर त्याला एक ऑफर आली. लाकूड कापायची यंत्रं बनवणारी एक जुनी कंपनी, आणि ती नेमकी आमच्या तालुक्यात! डिझाइनची सगळी जबाबदारी त्याच्याकडे येणार होती. त्याची बायको प्राची मात्र ठाम होती. जंगलात राहायला जाणार नाही.

शुक्रवारी त्याचा समीरला फोन आला. "सोमवारी राजीनामा देतोय. एकदा त्या कंपनीचं नाव बघून ठेव ना."

समीरने कोर्ट निवडलं, पत्त्यातलं गाव टाकलं. काही नाही. तो इतका खूश झाला, की नितीनला सांगायला लगेच फोन उचलला. फ्राऊ ब्रांट कॉफी घेऊन मागे उभ्या होत्या.

"आल्झो, असं आहे," त्या म्हणाल्या, "ते गाव आहे, पण कागदावर नाहीये. ते शेजारच्या मोठ्या गावात कधीच विलीन झालंय. त्या नावाने बघा."

समीरने फोन खाली ठेवला. मोठ्या गावाचं नाव मी टाइप केलं. कंपनी लगेच आली. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्याची नोटीस, त्याच आठवड्यातली.

आमच्या कामात नोंद सापडली की आम्ही एकमेकांना टाळी देतो. त्या दिवशी कुणी हात पुढे केला नाही. समीरने स्पीकरवर फोन लावून सांगितलं.  नितीन म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. मागून प्राचीचा आवाज आला, "देव पावला बाई."

*

राजीनामा राहिला. नितीनने मालकांना नकार कळवायला फोन केला, तर ते म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "मीच तुम्हाला सांगणार होतो, धीर झाला नाही. पण शनिवारी एकदा येऊन बघून जा. पत्नीलाही आणा." नितीनला नाही म्हणवेना. समीर आणि मीही गाडीत बसलो. इतके महिने तालुक्याच्या नोंदी चाळल्या होत्या, पण तालुका प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. कंपनी वाचली. घेणेकऱ्यांनी नवा आराखडा मान्य केला आणि कोर्टाने प्रक्रिया संपल्याची नोटीस लावली. ती पोर्टलवर दिसली तेव्हा समीर खुर्चीवर उभा राहून मोठ्याने वाचत होता आणि फ्राऊ ब्रांट चक्क टाळ्या वाजवत होत्या. पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे कामगार सुट्टी असूनही आले होते. मालक होते आणि कोर्टाने नेमलेल्या प्रशासक बाईही होत्या. नितीनने पाच मिनिटं गप्पा ऐकल्या, मग कोट काढून समीरच्या हातात दिला आणि एका यंत्राखाली शिरला. आतून त्याचे प्रश्न यायला लागले. दोघेतिघे कामगार उकिडवे बसून उत्तरं देत होते. त्याला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

प्राची हाताची घडी घालून उभी होती. प्रशासक बाई तिला आराखडा समजावत होत्या आणि ती नुसती मान हलवत होती. शेवटी ती कॉफी पीत बसलेल्या कामगारांकडे वळली आणि तिच्या सरळसोट जर्मनमध्ये विचारलं, "तुमच्या नोकरीचा काही भरवसा नाही. मग तुमच्यातलं कुणीच सोडून का गेलं नाही?"

 मालक जमिनीकडे बघायला लागले. नितीन यंत्राखालून बाहेर आला, तोंडाला ग्रीस लागलेलं.

त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या फिटरने कप खाली ठेवला आणि नीट विचार केला.

"जायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "पण आमच्या गावातून सकाळी एकच बस असते, आणि ती इकडेच येते."

पहिल्यांदा मालक हसले. मग सगळा हॉल हसला. प्राची तर इतकी हसली, की ओढणीने डोळे पुसायला लागली.

आम्ही परत निघालो. नितीन समोर बघून चालवत होता. गावाची शेवटची घरं आली आणि प्राची म्हणाली, "अरे, जरा हळू घे."

"का?"

"त्या कोपऱ्यावरच्या घराला पाटी लावलीय. भाड्याने देणे आहे."