मायाप्पा तीनच सांगतो

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटमध्ये असं बोललं जातं की वॉचमन मायाप्पानं तीन मुडदे पाडलेत. सेक्रेटरी शहाजीकाका हे सांगताना आधी चष्मा वर सरकवतात, मग आवाज खाली आणतात. "तीन. आणि आपण गेटची किल्ली त्याच्याच हातात दिलीय." मागच्या दिवाळीपर्यंत दोनच होते.

खरं असं, की माणूस एकच गेला. सांगोल्याकडच्या माळावर मायाप्पाची मेंढरं उभ्या ज्वारीत शिरली, शेताचा मालक काठी घेऊन धावला, आणि मायाप्पाच्या हातात तर काठी होतीच. घाव डोक्यात बसला. आठव्या दिवशी तो माणूस दवाखान्यात वारला. कोर्टात मायाप्पानं नाही म्हटलं नाही. सात वर्षांची सजा झाली, साडेपाचात सुटला. तोवर कळप विकून झाला होता आणि गावात त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. बायको फुलाबाई तेवढी बघायची, तीही रागानं.

दोघं सोलापुरात आली. मार्केट यार्डात हमाली करताना कांद्याच्या पोत्याखाली त्याची कंबर गेली. कंबरेसाठी गोळ्या सुरू झाल्या. पुढं कंबर राहिली बाजूला आणि गोळ्यांसाठीच गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला दोनाच्या बारा. व्यसनमुक्ती केंद्रात दोन महिने काढून त्यानं त्या सोडल्या, त्याला आता चौदा महिने झाले. कंबर मात्र त्याला सोडायला तयार नाही.

आता त्याची दिवसपाळी असते. खुर्ची आहे, पण बसला की उठवत नाही आणि उभा राहिला की पाय बधिर होतो. म्हणून तो दिवसभर केबिनमधल्या मीटरच्या पेटीला टेकून असतो, बसणं आणि उभं राहणं यांच्या मध्ये कुठंतरी. गाडीचा हॉर्न वाजला की गेटपर्यंतची दहा पावलं तो आधी डोळ्यांनी चालून घेतो, मग पायांनी. सकाळी चपलेचा पट्टा फुलाबाई लावते. "नवरदेवाचा थाट हाय नुसता," ती खाली वाकून म्हणते, आणि तो वर छताकडं बघत राहतो.

केंद्राकडून त्याचं नाव सृष्टी मॅडमना मिळालं. त्या विद्यापीठात पीएचडी करतात. तुरुंगातून सुटलेली, नशा सोडलेली माणसं अंगातलं जुनं दुखणं घेऊन कशी जगतात, हा त्यांचा विषय. महिन्यातून एकदा स्कूटीवरून येतात आणि केबिनमध्ये बसून फॉर्म भरतात.

"मामा, शून्य म्हणजे अजिबात पेन नाही. दहा म्हणजे, आय मीन, सहनच होणार नाही इतकं पेन. तर आज किती लिहू?"

"तीन लिवा की."

"शुअर?"

"व्हय."

त्याच्या कपाळावरून घामाची धार गळ्यापर्यंत आलेली. मॅडमनी तिनाभोवती गोल काढला. पुढच्या महिन्यातही तीन. त्याच्या पुढच्या महिन्यात मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला.

"मामा, पुढच्या स्टेजला आपण फिजिओथेरपी देतोय. सहा महिने, फ्री. कंबर खूप सुधारते. पण आकडा पाचच्या वर असेल तरच नाव बसतं. मी नऊ तारखेला शेवटचं विचारीन. नीट विचार करून ठेवा."

"इचार काय करायचा? तीन हाय," मायाप्पा म्हणाला.

जिना पुसणाऱ्या फुलाबाईनं फडकं बादलीत आपटलं. "मॅडम, ह्यो मानूस खरा आकडा सांगायचा न्हाय. ह्येंच्या बानं शिकीवलंय. कुनी इचारलं मेंढरं किती, तर म्हनायचं 'हायती धा-पाच', मग दोनशे का असंनात. खरं सांगितलं की नजर लागती म्हनं. सांगायचं तर घरच्याच मानसाला, ते बी कानात."

मॅडम हसल्या. मायाप्पा हसला नाही. दुखणं उघड्यावर मोजून दाखवलं की ते वाढतं, असं त्याला खरंच वाटत होतं. चौदा महिने त्यानं ते असंच, कमी सांगून, आवरून धरलं होतं.

पण त्या आठवड्यात ते आवरेना. गुरुवारी दुपारी फुलाबाईला तो कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर दिसला. जुन्या गोळ्या त्याला तिथंच मिळायच्या.

"घेतल्या व्हय?"

"न्हाय. नुसता उभा हुतो."

"खाटकाच्या दारात मेंढरू बी नुसतंच उभं असतंय की."

त्यानं रिकामे हात दाखवले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्याला मॅडमचं 'आय मीन' करून दाखवलं, अगदी मानेच्या झटक्यासकट. "हसवू नगं," तो पोट धरून म्हणाला, "हासलं की कंबर धरती." तेवढ्यात मी म्हटलं, "मायाप्पा मामा, नऊ तारखेला तुम्ही तीनच सांगणार. लावा पैज."

"हारलीस तर माजी घोंगडी धुवायची. मला वाकवत न्हाय, आन् फुलीला किती सांगू?"

"आणि जिंकले तर?"

"एक दिस गेटवरची शिट्टी तुजी."

नऊ तारखेला मॅडम आल्या, फॉर्म उघडला, शून्य ते दहा सगळं पुन्हा सांगितलं. मायाप्पानं पेटीला टेकूनच आधी दाराबाहेर, मग खिडकीबाहेर बघून घेतलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. मग तो म्हणाला, "दार लावा. खिडकी बी लावा." फुलाबाईला म्हणाला, "तू ऱ्हा आत." मला म्हणाला, "तू भाईर."

माझे कान तसे तिखट, पण बंद खिडकीपुढं काही चाललं नाही.

दार उघडलं तेव्हा मॅडम म्हणत होत्या, "सोमवारी अकरा वाजता घेऊन या मामांना. नाव घातलंय मी." त्या एकदाही 'आय मीन' म्हणाल्या नाहीत. फुलाबाई मागून आली, बादली उचलली आणि पुसलेलाच जिना पुन्हा पुसायला लागली. आकडा किती, ते मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी 'हाय धा-पाच' म्हणाली असती.

मायाप्पा खुर्चीत बसला होता. आता उठायला मदत लागणार हे माहीत असूनही बसला होता.

"घोंगडी दोरीवर हाय," तो म्हणाला. "साबन लावू नगं. रिठ्याचं पानी घे."

ओली घोंगडी माणसाएवढी जड होते, हे मला ठाऊक नव्हतं. नळाखालून दोरीपर्यंत नेताना मी दोनदा खाली बसले.

"पिळू नगं तिला," तो खुर्चीतून सांगत होता. "नुसती निथळू दे."