डिटरच्या बापाची खुर्ची

डिटर गेल्याचं मला माझ्या मुलाने, मेल्विनने, सांगितलं. शारजात, अल नहदाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी नातीच्या अभ्यासाच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवत होतो. मेल्विन फोन हातात धरून दारात उभा राहिला. "पप्पा, तुमचा जर्मन गेला... झोपेतच." मी पाय पुरता बसवला, मगच उठलो. माणूस गेला म्हणून काम अर्धं टाकलेलं त्यालाही आवडलं नसतं. आता महिना झाला. तो देवळात जाणारा नव्हता, तरी मी चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा सांगितली. मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार, त्याच्या सिनेमांवर शिकलेल्यांनी लिहावं. त्यांनी लिहिलंही, पण त्या खुर्चीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणून मला लिहावं लागतंय.

डिटर अबू धाबीत पोरांना सिनेमा शिकवायचा आणि खलिफा सिटीत एका व्हिलात राहायचा. त्याला शेवटचा सिनेमा करायचा होता, तोही इथेच, शारजाच्या एका गोदामात. त्यासाठी लहानपणचं जर्मनीतलं स्वयंपाकघर उभं करायचं होतं. मी जन्मभर नाटकाचे, प्रदर्शनाचे सेट ठोकले, म्हणून कुणीतरी माझं नाव दिलं. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "मी साहेब-बिहेब म्हणणार नाही. आपण एका वयाचे." तो म्हणाला, "गुट, मिस्टर इनास. यल्ला." म्हणजे बरं, चल कामाला. त्याचं मोडकं हिंदी आणि माझं कामापुरतं इंग्लिश, तेवढ्यावर आमचं भागलं.

काम कळावं म्हणून रविवारी मिस्सा झाली की तो मला घरी नेऊन आपले जुने सिनेमे दाखवायचा. एकात बाँबने पडलेलं शहर होतं, बाया हातोहात विटा पुढे देत होत्या. दुसऱ्यात त्याच शहरात नव्या इमारती, नवी मोटार, नवा फ्रीज, सगळे हसतायत आणि कामाचं सोडून कुणी काही बोलत नाही. तिसऱ्यात देशाचे दोन तुकडे झालेले, दोन भाऊ दोन बाजूंना, आणि दोघंही म्हणतात, पाप केलं ते पलीकडच्यांनी. आणि प्रत्येक सिनेमात जेवणाच्या टेबलाशी बापाची खुर्ची रिकामी. मी विचारलं, "तुमच्या देशात सगळे बाप बाहेरच जेवतात का रे?" तो खो खो हसला. मग उठला आणि खिडकीपाशी गेला.

सेट उभा राहिला. टेबल झालं, खुर्च्या झाल्या. माझ्या बापाने मला एक नियम शिकवला होता, खुर्ची केली की गिऱ्हाइकाच्या आधी आपण बसायचं. आपलं वजन न पेलणारी वस्तू दुसऱ्याला द्यायची नाही. तसा मी टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसलो, आणि डिटर ओरडला, "उठ! तिथे कुणी बसत नाही!" मी म्हटलं, "मग दुसरा सुतार बघ." उठलो नाही. तो भर उन्हात बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा त्याने आपल्या बापाबद्दल सांगितलं. बाप रेल्वेत सिग्नलवाला. ज्यूंना कोंबून मारायला नेणाऱ्या गाड्या त्याच्या स्टेशनावरून जायच्या आणि तो दिवा दाखवायचा. लढाई संपली, टोपीवरचा बिल्ला बदलला, नोकरी तीच राहिली. त्याला कुणीच काही विचारलं नाही. डिटरने एकदा विचारलं, जेवताना. "पप्पा, तुम्हांला ठाऊक होतं का?" बाप सूप पीत राहिला. "आणि मी आयुष्यभर रिकामी खुर्ची दाखवत आलो," डिटर म्हणाला, "कारण त्याला तिथे बसवायची हिंमत नव्हती."

मग त्यानेच मला त्या खुर्चीवर बापाच्या जागी बसवलं. कॅमेरा पाठीमागे, समोर सुपाची थाळी. "माझा बाप बोलला नाही, तूही बोलायचं नाही." त्याने आपल्या भाषेत तोच प्रश्न विचारला. मी सूप प्यायलो. पुन्हा विचारला. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज पोराचा झाला... एवढा म्हातारा माणूस, आणि आवाज पोराचा. मला नाही जमलं. मी चमचा खाली ठेवला आणि मराठीत म्हणालो, "होय बाळा, ठाऊक होतं. दिवा मीच दाखवला."

काय बोललो ते त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो भडकला. "हे खोटं आहे! माझा बाप हे म्हणाला नाही. माझा देशही कित्येक वर्षं म्हणाला नाही. तू कोण म्हणणारा?" मी म्हटलं, "नको असेल तर काप. पण पोर विचारत असताना मी सूप पिणार नाही." तो हे कापणार अशीच माझी खात्री होती. नंतर भेटला तेव्हाही मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आणि गेला.

गेल्या आठवड्यात अबू धाबीत सिनेमा दाखवला. त्याची मुलगी आना बर्लिनहून आली होती, माझ्या शेजारीच बसली. पडद्यावर माझी पाठ आली आणि त्या अंधारात माझं मराठी ऐकू आलं. कापलं नव्हतं. खाली जर्मन अक्षरं होती. आनाने माझा हात घट्ट धरला. दिवे लागल्यावर म्हणाली, "आजोबांचं हे आमच्या घरात कुणी कधी बोललंच नाही. पप्पासुद्धा नाही."

ती खुर्ची तिने मला दिली. आता आमच्या जेवणाच्या टेबलाशी आहे. पहिल्या दिवशी नात, शॅरन, तिच्यावर बसेना. "ग्रँडपा, लेट्स कीप इट एम्प्टी. फॉर हिम."

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या घरी ती फार वर्षं रिकामी होती. बस तू. आणि काय विचारायचं ते विचार."

ती बसली, पाय हलवत. थोडा विचार केला.

"ग्रँडपा, डिड यू एव्हर लाय टू माय डॅड?"

मेल्विनने ताटातून मान वर केली. मी चमचा खाली ठेवला.